आधी पीठ, मग फडकं

पत्र :

मावशी,
मी ठाण्यात राहते. आमचं बेने इस्राएल यहुदी घर. लग्नाला दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी सासूबाई आजारी होत्या म्हणून पेसाह, इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा आपला सण, आम्ही मावससासूंकडे केला. यंदा घरचा सेदेर, म्हणजे सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, पहिल्यांदाच माझ्या हातून व्हायचा आहे. महिनाभर आधीचा पुरीमचा सण झाला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी घर काढलंय. ऑफिसहून आल्यावर रोज दोन तास खिडक्यांच्या खाचा टूथब्रशने घासते. माळ्यावरची ट्रंक, पुस्तकांचं कपाट, सगळं झटकून झालं, तरी काहीतरी राहिलंय असंच वाटतं. इस्राएलातल्या अश्दोदची नणंद व्हिडिओवर विचारते, ‘फ्रिजचं रबर काढून धुतलंस का?’ तिचं म्हणणं, आपल्याकडच्या लोकांना हामेत्सचं, म्हणजे सणात घरात चालत नाही त्या आंबलेल्या धान्याचं, काही कळत नाही. सासूबाईंना घराला रंग आणि नव्या ताटांचा सेट हवाय. सणासाठी आम्ही बारा हजार बाजूला ठेवलेत. त्यातले काही आमच्या नात्यातल्या एका काकींना द्यावेत असं मला वाटतं. काका गेल्यापासून त्या एकट्याच आहेत. शिवणकाम करायच्या, पण आता डोळे साथ देत नाहीत. कुणाचं काही घेत नाहीत. गेल्या वर्षी सिनेगॉगमधून सामान गेलं, तर ‘माझ्यापेक्षा गरजू आहेत’ म्हणून परत पाठवलं. परवा भेटल्या तेव्हा मात्साबद्दल, सणात खायच्या न आंबवलेल्या कडक भाकरीबद्दल, मला विचारत होत्या, ‘मला एकटीला मात्साचं एक पाकीट पुरेल ना गं? मी काय, भात-भाजीच करणार.’ सासूबाई म्हणतात, आधी आपलं घर, मग दानधर्म. कामाला येणाऱ्या ताईंना मी या महिन्यात जास्त वेळ थांबवते. घरातलं पीठ, रवा त्यांना देणार आहे. ते दानात धरलं तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, किती साफ केलं की पुरे?
– एक सून, ठाणे

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो टूथब्रश डोळ्यांसमोर आला आणि तुझी कीव आली. दुसऱ्यांदा वाचताना काकींच्या त्या वाक्याशी थांबले. सफाईचं सगळं सांगते, पण आधी काकींचं बोलू. ते जास्त तातडीचं आहे.

ब्रिस्क गावचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, योसेफ दोव सोलोव्हेचिक यांची एक गोष्ट पेसाहच्या दिवसांत आपल्यात सांगतात. एकोणिसाव्या शतकातली. सणाच्या आधी एक माणूस त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, ‘सेदेरच्या चार प्याल्यांत वाइनऐवजी दूध घेतलं तर चालेल का?’ रब्बींनी चालेल की नाही हे सांगितलंच नाही. आत गेले आणि मूठभर पैसे आणून त्याच्या हातावर ठेवले. बायकोने विचारलं, वाइनला एवढे कशाला? ते म्हणाले, दूध घेऊ का विचारतोय, म्हणजे त्या रात्री त्याच्या ताटात मटणही नाही. दुधाबरोबर मांस आपण खात नाही, त्यावरून त्यांनी ओळखलं.

आता काकींचं वाक्य परत वाच. आपल्याकडे भारतात सण आठ दिवसांचा आणि सेदेर दोन रात्री. त्यात एक पाकीट मात्सा आणि वर भात-भाजी. काकींनी तुझ्यापुढे हात पसरला नाही, तरी घरात काय आहे आणि काय नाही ते सगळं सांगून टाकलं. आणि ते त्यांनी तुलाच सांगितलं, सासूबाईंना किंवा कमिटीतल्या कुणाला सांगितलं नाही, हेही लक्षात घे.

सासूबाई म्हणतात, आधी घर, मग दान. पुस्तकात क्रम कसा लावलाय ते तुला सांगते. रोजच्या आचाराचा आपला मोठा ग्रंथ शुल्हान आरूख, सफेद गावच्या योसेफ कारोंनी रचलेला, १५६५ साली व्हेनिसमध्ये पहिल्यांदा छापला गेला. क्राकोवच्या मोशे इसर्लिसांच्या टिपा त्याला नंतर जोडल्या. त्यात पेसाहचे नियम ४२९ व्या कलमापासून सुरू होतात. त्या पहिल्याच कलमावर इसर्लिसांची टीप आहे : पेसाहसाठी गहू विकत घेऊन गरिबांना वाटण्याची रीत आहे, आणि गावात बारा महिने राहिलेल्या प्रत्येकाने त्यात आपला वाटा द्यावा. हामेत्स शोधायचे नियम सुरू होतात ४३१ पासून. म्हणजे झाडू हातात घ्यायच्या आधीच शेजाऱ्याच्या घरात पीठ आहे का ते विचारलेलं आहे. या दानाला माओत हित्तीम म्हणतात, म्हणजे गव्हाचे पैसे. दुसरं नाव किमहा दे-पिसहा, पेसाहचं पीठ. बारा महिन्यांची अट तर येरुशलेमच्या तालमूदमध्येच, विद्वानांच्या धर्मचर्चांच्या जुन्या संग्रहातच, आहे, म्हणजे दीड हजार वर्षांहून जुनी. गरिबालाही वर्षभराची भाकरी एकाएकी बंद करून महाग मात्सा घ्यावा लागतो, त्याची सोय सगळ्या गावाने करायची, असा तो विचार.

सासूबाईंशी वाद घालायला हे सांगत नाही. त्यांचं ‘आधी आपलं’ हे तत्त्व खरंच आहे. दानाचा क्रमच तसा ठरलेला आहे : आधी नातलग, मग शेजारी, मग गाव, मग परगाव. फक्त त्या क्रमाने गेलं तर काकीच पहिल्या येतात. त्या नात्यातल्याच आहेत ना? मग त्या ‘आपलं घर’मध्येच मोडतात. सासूबाईंना असंच सांग. मला वाटतं त्या नाही म्हणणार नाहीत. आजारातून उठलेलं माणूस सणाला रंग, नवी ताटं मागतं, तेव्हा त्याला आपलं घर पुन्हा उभं राहिलेलं बघायचं असतं. फक्त पुढच्या खोलीची, सेदेरची एक भिंत रंगवून घे. बाकीचं घर पावसाळ्यानंतर. आणि ताटांचा सेट यंदा राहू दे. घरातली ताटं चालण्याजोगी कशी करायची ते पुढे सांगते.

कोकणात पेसाहच्या आधी घराला चुना मारायचे, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे, हे सासूबाईंनी लहानपणी पाहिलेलं असणार. माझी आजी रेवदंड्याकडची. तिच्या अंगणात कल्हईवाला भट्टी लावून बसायचा. नवसागराचा पांढरा धूर, मग कापसाच्या बोळ्याने भांड्याच्या पोटात फिरणारी कथलाची चकाकी, आणि शेवटी पाण्यात बुडवल्यावरचा तो चर्र आवाज. आजी म्हणायची, आगीतून गेल्याशिवाय भांडं सणाला घरात यायचं नाही. सासूबाईंना रंग हवाय तो तिथून येतो. त्याचा मान ठेव.

आता काकींना द्यायचं कसं? पाकिटात पैसे घालून नेऊ नकोस. त्या परत करतील आणि पुढच्या वेळी तुझ्याशी एवढंही बोलणार नाहीत.

रांबामने, म्हणजे थोर धर्मपंडित मोशे बेन मायमोनने, बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या लिहिल्या. सगळ्यात खालची, तोंड वाकडं करून देणं. वरून दुसरी, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आणि सगळ्यात वरची, माणसाला उसने देणं, भागीदारीत घेणं, काम देणं, ज्याने त्याला दुसऱ्यापुढे हात पसरावा लागू नये. काकींना काय येतं ते आठव. आपल्या त्यांच्या वयाच्या बायकांना खजुराचा शिरा येत नाही असं होत नाही. सेदेरच्या ताटातलं हारोसेत आपल्याकडे तोच असतो : खजूर शिजवून, गाळून, काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचा. तासन् तास ढवळावं लागतं, म्हणून आजच्या सुना तो करत नाहीत. तू काकींना सांग, ‘मला शिरा जमत नाही, ऑफिसमुळे वेळही नाही. आमच्या घरचा आणि माझ्या दोन मैत्रिणींच्या घरचा तुम्ही कराल का?’ खजुराचे आणि मेहनतीचे पैसे आगाऊ दे. भाव बाजारात असतो तोच लाव, उगाच दुप्पट देऊ नकोस; शिवणकाम करून हिशेब ठेवलेली बाई आहे, लगेच ओळखेल. शिरा खरंच खा आणि खरंच वाट. म्हणजे ते काम राहील, नाटक होणार नाही.

त्यातूनही कमी पडलं तर? तालमूदच्या केतुबोत भागात नेमका हाच प्रश्न आहे : एखाद्याकडे नाही, पण घ्यायचंही नाही, त्याचं काय करायचं? रब्बी मेईर म्हणतात, उसने म्हणून द्या, मग ते देणगी समजून सोडून द्या. तेव्हा ‘काकी, हे उसने घ्या, दिवाळीपर्यंत बघू’ असं म्हणायला तुला हरकत नाही. खोटेपणा वाटून घेऊ नकोस. विद्वानांनी त्याला वाट करून दिलेली आहे.

त्याच पानावर मार उक्वाची गोष्ट आहे. बाबिलोनच्या यहुद्यांमधला मोठा माणूस. शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या खाचेत तो रोज गुपचूप चार झूझ, म्हणजे त्या काळची नाणी, टाकायचा. एके दिवशी त्या गरिबाला वाटलं, आज बघूच कोण आहे. नेमकी त्या दिवशी मार उक्वाची बायको त्याच्याबरोबर होती. दार हललं, गरीब बाहेर आला, तशी दोघं पळाली आणि नुकतीच आग काढून झाडलेल्या भट्टीत जाऊन लपली. मार उक्वाचे पाय भाजायला लागले. बायको म्हणाली, तुझे पाय माझ्या पायांवर ठेव. त्याचं मन खट्टू झालं, हिचे पाय का भाजत नाहीत? ती म्हणाली, मी घरात असते. दारी आलेल्याला मी शिजवलेलंच देते, ते त्याच्या लगेच तोंडात पडतं. तू पैसे देतोस, त्याला मग बाजारात जावं लागतं. दोघं भट्टीत का शिरली याचंही कारण तिथे दिलंय : चारचौघांत कुणाला मान खाली घालायला लावण्यापेक्षा जळत्या भट्टीत उडी घ्यावी.

मला या गोष्टीतली बायको फार जवळची वाटते. म्हणून सांगते, काकींना दोन्ही रात्री सेदेरला तुझ्याकडे बोलव. हग्गादात, म्हणजे सेदेरला वाचायच्या पुस्तकात, गोष्ट सुरू होतानाच ‘भुकेला असेल त्याने यावं, जेवावं, गरज असेल त्याने यावं, आमच्याबरोबर पेसाह करावा’ हे शब्द येतात. पण त्या वेळी टेबलाभोवती घरचीच माणसं असतात, भुकेल्याला ते कुठून ऐकू येणार! ते वाक्य आठ-दहा दिवस आधी काकींच्या दारात जाऊन म्हणायचं असतं. मिश्नात, तालमूद ज्यावर उभा आहे त्या जुन्या नियमसंग्रहात, लिहिलंय की अगदी गरिबातल्या गरिबानेही त्या रात्री टेकून, ऐसपैस बसून जेवावं आणि त्याला चार प्याल्यांहून कमी वाइन देऊ नये, मग ती धर्मादायच्या स्वयंपाकघरातून आणावी लागली तरी. टेकून बसायचं, कारण त्या रात्री आपण गुलाम नाही. त्यांच्यासाठी खुर्चीवर उशी आधीच लावून ठेव.

आणि काकी काही घेऊन आल्या, दोन अंडी, एक नारळ, तर ‘कशाला आणलंत’ म्हणू नकोस. दानावर जगणाऱ्यानेही दान द्यावं असा नियम आहे. तो हक्क त्यांचाही आहे.

किती द्यायचं हे तू विचारलं नाहीस, पण बारा हजारांचा आकडा लिहिलास म्हणजे मनात आहे. जुनी रीत कमाईच्या दहाव्या भागाची. हौस असली तरी पाचव्या भागापलीकडे जाऊ नये, असं उशा नावाच्या गावी जमलेल्या जुन्या विद्वानांनी ठरवलं होतं, उद्या आपल्यावर मागायची पाळी येऊ नये म्हणून. तुमच्या बारा हजारांपुरतं माझं मत सांगते : तीन-साडेतीन हजार आजच वेगळे काढ. त्यातून शिऱ्याचे पैसे जातील. उरतील ते सिनेगॉगच्या मात्साच्या खात्यात भर, म्हणजे तुला माहीत नसलेल्या घरापर्यंत जातील. आणि या आठवड्यातच दे. सणाच्या आदल्या दिवशी मिळालेल्या पैशांनी मात्सा मिळत नाही, आणि तोवर त्या बाईच्या रात्री काळजीत गेलेल्या असतात.

आता तुझा टूथब्रश.

पेसाहचा नियम हामेत्सचा आहे, धुळीचा नाही. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट हा गव्हाचा जुना भाऊबंद, या पाच धान्यांचं पीठ पाणी लागून आंबलं की हामेत्स. पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून झालं नाही तर ते आंबलं असं धरतात. म्हणून आपली चपाती, भिजवून ठेवलेल्या कणकेची, हामेत्सच. पाव, बिस्किटं, शेवया, मैद्याची खारी, बिअर, जवाचं माल्ट घातलेली दुधातली पावडर, हे सगळं जाणार. आणि एक गोष्ट अश्दोदच्या नणंदेलाही सुचणार नाही : हिंग. आपल्या डब्यातला बांधणी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात मळलेला असतो. डबीवरची बारीक अक्षरं वाच. गहू लिहिला असेल तर ती डबी बाहेर.

भात खायचा. युरोपकडचे आश्केनाझी तांदूळ-डाळी टाळतात. आपलं वळण सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या यहुद्यांचं, आपण खातो. तांदूळ उजेडात तीनदा निवडायचा, एखादा गव्हाचा दाणा आलेला असतो. तांदळाच्या भाकरीचं पीठ मात्र गिरणीतून आणू नकोस. तिथे आधीच्या माणसाचा गहू दळलेला असतो आणि पहिलं किलोभर पीठ तेच निघतं. घरच्या मिक्सरला पीठ लागलेलं नसेल तर तांदूळ त्यात फिरव, नाहीतर आठ दिवस भातच खा.

मग शोधायचं कुठे? मिश्ना सांगते, जिथे हामेत्स नेत नाहीत त्या जागेला शोध लागत नाही. तुझ्या खिडक्यांच्या खाचांत कोण चपाती खातं? माळ्यावरच्या ट्रंकेत आंबवलेलं काय असणार? पुस्तकं वाचताना तू बिस्किटं खात असशील तर टेबलावरचं ते एक पुस्तक झटक, कपाट राहू दे. स्वयंपाकघर, जेवायचं टेबल, फ्रिज, सोफ्याच्या फटी, तुमच्या दोघांच्या ऑफिसच्या बॅगा आणि डब्याच्या पिशव्या, कोट-पँटचे खिसे, स्कूटरची डिकी. बाल्कनीत कबुतरांना पाव टाकत असाल तर बाल्कनी. एवढंच. दोन रविवारांचं काम आहे. फ्रिजचं रबर काढायचं कारण नाही, साबणाच्या पाण्याने पुसून घे. साबण लागलेला कण कुत्रंही तोंडात घेणार नाही, आणि जे कुत्र्याच्याही खाण्याजोगं उरलं नाही ते हामेत्स धरत नाहीत.

भांड्यांचा नियम, भांडं जसं शोषतं तसं सोडतं. ज्या स्टीलच्या पातेल्यांत पाण्या-रश्शाबरोबर हामेत्स शिजलं, ती स्वच्छ घासून २४ तास न वापरता ठेवायची, मग खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढून थंड पाणी ओतायचं. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून. स्टीलची ताटंही तशीच होतील, म्हणून म्हटलं नवा सेट नको. काच आपल्या रीतीत नीट धुतली की झालं. तवा मात्र पाण्याने होत नाही; चपाती त्यावर कोरडी भाजली जाते, म्हणजे त्याला लाल होईपर्यंत आग लागेल. त्यापेक्षा सणाचा एक वेगळा तवा घे, तो दर वर्षी चालेल. पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणी साडीच्या जुन्या तुकड्यात बांधून वर ठेव. मातीच्या भांड्याला उपायच नाही, माती शोषलेलं सोडत नाही. म्हणून तर आपल्याकडे सणाला नवी मडकी घ्यायचे.

नणंदेच्या त्या वाक्याने तुला लागलंय, ते पत्रात दिसतं. तिला रागावून नको, पण हे सांग. कोकणात आपल्या लोकांनी पेसाहला मराठी नाव दिलं होतं, अनाशी ढाकाचा सण. अनास म्हणजे आंबट रसाचं मातीचं भांडं. वर्षभर ते वापरात असायचं, आणि सणाचे आठ दिवस झाकून ठेवायचं. हिब्रू पुस्तकं हाताशी नव्हती, रब्बी नव्हते, तेलाचे घाणे चालवत शनिवार पाळणारी ही माणसं. नियमाची अक्षरं हरवली, पण या दिवसांत आंबलेल्याला हात लावायचा नाही हे बायकांनी भांडं झाकून जपलं. पुढे १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रात साडी नेसलेल्या बायका मात्सा करताना दाखवल्या आहेत. आपल्या आज्या-पणज्यांना काही कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. नणंदेचा जीव तुमच्यात आहे म्हणून ती विचारते, हेही खरं. तिला हिंगाचं विचार. सापडला तर तीही आभार मानेल.

कामाच्या ताईंबद्दल मी जरा स्पष्ट बोलते. पीठ-रवा त्यांना दे, चांगल्या स्थितीत असेल तर जरूर दे. पण ते दानात धरू नकोस. ते तुला घराबाहेर काढायचंच होतं. शिवाय दिलं म्हणजे दिलं, ‘आठ दिवस ठेवा, मग अर्धं परत द्या’ असं मनातही नको. घरात मोठा साठा असेल तर हामेत्स विकायची रीत आहे. इस्राएलात सरकारच्या मालकीचं हामेत्ससुद्धा दर वर्षी यहुदी नसलेल्या माणसाला रीतसर विकतात, अबू घोष गावच्या एका अरब गृहस्थांनी ते कित्येक वर्षं घेतलं. तुझे दोन डबे, तुला त्याची गरज नाही.

ताईंचं खरं देणं वेगळंच आहे. तू त्यांना महिनाभर जास्त थांबवलंस. त्या तासांचे पैसे मोज आणि ताबडतोब हातात दे. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी, सूर्य मावळू देऊ नये, असं तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, सांगितलंय. लिथुएनियाचे रब्बी यिस्राएल सालांतर यांची गोष्ट सांगतात. शिष्य मात्साच्या भट्टीवर देखरेखीला निघाले होते. त्यांनी विचारलं, विशेष काळजी कशाची घेऊ? पाण्याची, वेळेची, पिठाची? रब्बी म्हणाले, कणीक मळणारी बाई विधवा आहे, तिच्यावर ओरडू नका. १८ मिनिटांच्या घाईत माणसं खेकसतात, हे त्यांना ठाऊक होतं. तुझ्या घरातही या महिन्यात घाई आहे. खिडक्यांच्या खाचा सोडल्यास तर ताई वेळेवर घरी जातील, आणि तूही नऊला जेवशील.

राहिली शोधाची रात्र. सेदेरच्या आदल्या दिवशी अंधार पडला की एक मेणबत्ती, एक पीस, एक लाकडी चमचा. त्याआधी पावाचे दहा छोटे तुकडे कागदात गुंडाळून घरात लपवायचे आणि कुठे ठेवले ते लिहून ठेवायचं. हे लिहिणं विसरू नकोस, दहावा तुकडा आठवत बसण्यात आमच्या घरी एकदा मध्यरात्र झाली होती. आशीर्वादाचे शब्द म्हणून झाले की शोध सुरू करायचा आणि सापडेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. झाल्यावर म्हणायचं वाक्य अरामी भाषेत आहे, पण ज्याला ते कळत नाही त्याने आपल्या भाषेत म्हणावं असंच इसर्लिसांनी लिहिलंय. तेव्हा मराठीत म्हण : ‘माझ्या मालकीचं जे आंबवलेलं माझ्या घरात आहे, जे मी पाहिलं नाही आणि काढलं नाही, ते रद्द होवो आणि जमिनीच्या धुळीसारखं होवो.’ नीट ऐक. राहून गेलेलं सगळं त्या क्षणी धूळ होतं. तू महिनाभर जी पुसत होतीस, तीच धूळ. ‘काहीतरी राहिलंय’ ही तुझी धास्ती त्या वाक्यावर सोपवायची, ते त्याचसाठी आहे.

सकाळी हामेत्स खाणं दिवसाच्या चौथ्या तासापर्यंत आणि जाळणं पाचव्यापर्यंत; हे तास म्हणजे उजेडाच्या दिवसाचे बारा सारखे भाग. घड्याळातली वेळ दर वर्षी बदलते, सिनेगॉगमध्ये विचारून घे. सोसायटीत जाळायला जागा नसेल तर हट्ट नको. चुरा करून वाऱ्यावर किंवा पाण्यात टाकलं तरी चालतं, असं मिश्नातले विद्वान म्हणतात. जाळल्यावर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, या वेळी पाहिलेल्या-न पाहिलेल्या सगळ्यासकट.

आणि शोधाच्या रात्रीही काकींना बोलव. पीस तू घे, चमचा नवऱ्याच्या हातात दे, यादी सासूबाईंकडे. मेणबत्ती धरायला एक हात लागतोच.